सर्व्हरच्या दारातली खोटी गर्दी

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला आणि निकालाच्या वेबसाइट उघडेनाशा झाल्या. राज्यभरातले सुमारे १६ लाख विद्यार्थी, त्यांचे पालक, शाळा आणि क्लासवाले एकाच वेळी त्याच दोन-तीन पत्त्यांवर धडकले होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतही घरोघरी मोबाइलवर कोरे पान आणि गरगर फिरणारे चक्र तेवढे दिसत होते. निकाल हाती पडायला कित्येक तास गेले.

त्याच्या पाच वर्षे आधी, जुलै २०१६ मध्ये, मुंबई परिसरातल्या इंटरनेट पुरवठादारांच्या जाळ्यावर सेकंदाला सुमारे २०० गिगाबिट इतका निरर्थक डेटा येऊन आदळू लागला. ग्राहकांचे इंटरनेट रखडले आणि राज्याच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

घरी बसलेल्या माणसाला दोन्ही वेळा दिसले ते सारखेच : पान उघडत नाही. पण पहिल्या वेळची गर्दी खरी होती, दुसऱ्या वेळची कोणीतरी मुद्दाम जमवलेली. अशी खोटी गर्दी करून सेवा बंद पाडण्याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ हल्ला म्हणतात. ही गर्दी ठिकठिकाणच्या हजारो यंत्रांकडून एकाच वेळी आली, की त्याला ‘डीडॉस’ हल्ला असे नाव आहे. त्याच्या प्रचंड आकाराची चर्चा नेहमी होते. त्याला तोंड देणाऱ्या अभियंत्यांना मात्र वेगळीच अडचण जाणवते : हल्ल्यातली बहुतेक प्रत्येक विनंती सुटी काढून पाहिली तर अगदी साधी, रीतसर दिसते.

सर्व्हर कुठे दमतो

वेबसाइट म्हणजे शेवटी कुठल्यातरी खोलीत चालू असलेला एक संगणक. ठाणे जिल्ह्यात ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा संगणकांनी भरलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, तीन मर्यादा असतात. त्याच्यापर्यंत येणाऱ्या इंटरनेटच्या लाइनची क्षमता ही पहिली. एका वेळी किती जणांशी जोडणी चालू ठेवता येईल, ही दुसरी. आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तयार करायला लागणारे श्रम, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि माहितीचा साठा शोधण्याचा वेळ, ही तिसरी.

डोंबिवली स्थानकाचे तिकीटघर डोळ्यांसमोर आणले की हे तिन्ही प्रकार लगेच समजतात. स्टेशनकडे येणारा रस्ताच रिकामटेकड्या माणसांनी भरून टाकला, तर खरा प्रवासी खिडकीपर्यंत पोहोचणारच नाही. रस्ता मोकळा ठेवून प्रत्येक खिडकीवर एकेक माणूस उभा केला, त्याने तिकीट मागितले आणि मग सावकाश पैसे शोधत राहिला, तरी रांग जागची हलणार नाही. किंवा रांगेतल्या प्रत्येकाने चार गाड्या बदलून जाणाऱ्या लांबच्या प्रवासाचा हिशोब विचारला, तर मोजक्याच माणसांत कारकुनाचा दिवस संपेल. तिन्ही प्रकारांत गल्ला कोणी फोडलेला नाही. तरी तिकीट मात्र कोणालाच मिळत नाही.

बातम्यांमध्ये ‘वेबसाइट हॅक झाली’ या एकाच वाक्यात वेगवेगळे प्रकार कोंबले जातात, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा. जून २०२२ मध्ये ठाणे शहर पोलिसांच्या वेबसाइटवर अचानक हल्लेखोरांचा संदेश झळकला होता. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात कुळगाव-बदलापूर नगर परिषदेची वेबसाइट विद्रूप करण्यात आली. या दोन्ही ठिकाणी हल्लेखोर आत शिरले होते, त्यांनी मजकूर बदलला होता. डीडॉससाठी आत शिरावे लागत नाही, पासवर्ड फोडावा लागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये चूक असावी लागत नाही. त्यामुळेच कमी कौशल्याच्या टोळ्याही तो करू शकतात, आणि त्यामुळेच सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे एवढ्यावर तो टळत नाही. बदलापूरच्या घटनेचा उल्लेख ज्यात आहे त्या ‘रोड ऑफ सिंदूर’ या महाराष्ट्र सायबरच्या अहवालात सुमारे १५ लाख हल्ल्यांची नोंद होती आणि त्यांतले फक्त १५० यशस्वी ठरले असे म्हटले होते. डीडॉस आणि विद्रूपीकरण हे दोन्ही प्रकार त्या हल्ल्यांत होते. असे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवावे : दारावरची प्रत्येक थाप मोजली की संख्या लाखांत जाते. हानी किती झाली हे त्यावरून कळत नाही.

अर्धवट राहिलेली ओळख

या हल्ल्यांचा सर्वांत जुना गाजलेला नमुना सप्टेंबर १९९६ मधला आहे. न्यूयॉर्कमधल्या ‘पॅनिक्स’ या इंटरनेट पुरवठादाराची सेवा त्यात कित्येक दिवस विस्कळीत झाली. त्यात वापरलेली युक्ती आजही वापरात आहे.

दोन संगणकांत बोलणे सुरू होण्याआधी तीन पायऱ्यांची ओळख होते. ब्राउझर म्हणतो, ‘जोडणी हवी.’ या छोट्या संदेशाला ‘सिन’ म्हणतात. सर्व्हर उत्तर देतो, ‘चालेल, मी तयार आहे,’ आणि आलेल्या विनंतीची आपल्या यादीत नोंद करून ठेवतो. ब्राउझरने ‘पोचले’ असे कळवले की जोडणी पक्की होते. हल्लेखोर पहिला संदेश पाठवतो आणि तिसरा कधीच पाठवत नाही. शिवाय पहिल्या संदेशावर पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा घालतो, त्यामुळे सर्व्हरचे उत्तर भलतीकडेच जाते. सर्व्हर वाट पाहतो, उत्तर पुन्हा पाठवतो, पुन्हा वाट पाहतो.

समजा, अशा अर्धवट जोडण्यांच्या यादीत १०२४ जागा आहेत आणि एक नोंद सुमारे ६० सेकंद धरून ठेवली जाते. मग सेकंदाला अवघे १७-१८ संदेश पाठवले तरी यादी कायम भरलेली राहील. एक संदेश जेमतेम ६० बाइटचा. म्हणजे सेकंदाला एक किलोबाइटभर डेटा, एखाद्या फोनच्या आवाक्यातला, सबंध सर्व्हर अडवून ठेवू शकतो.

यावरचा उपाय त्याच महिन्यात गणितज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचवला, आणि तो इतका सुबक आहे की तीस वर्षे होत आली तरी टिकून आहे. त्याचे नाव ‘सिन कुकी’. अनोळखी विनंतीची नोंद यादीत करायचीच नाही. त्याऐवजी विनंती करणाऱ्याचा पत्ता, वेळ आणि सर्व्हरकडची एक गुप्त संख्या यांच्यापासून गणिताने एक आकडा तयार करायचा आणि तो उत्तरातच घालून पाठवायचा. खरा ब्राउझर तिसऱ्या पायरीवर त्या आकड्यात एक मिळवून परत पाठवतो. सर्व्हर पुन्हा तेच गणित करतो, आकडा जुळला तरच जोडणीला जागा देतो. खोट्या पत्त्यावर गेलेले उत्तर परत येतच नाही, त्यामुळे सर्व्हरची मेमरी खर्च होत नाही. आजच्या लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये ही सोय आधीपासून असते.

मग हल्लेखोरांनी ओळख पूर्ण करायला सुरुवात केली. २००९ मध्ये ‘स्लोलोरिस’ नावाचा प्रोग्रॅम आला. तो जोडणी रीतसर जोडतो आणि मग आपली विनंती थोडीथोडी, मध्ये लांब थांबत पाठवतो. विनंती पूर्ण होत नाही, म्हणून सर्व्हर ऐकत राहतो. प्रत्येक जोडणीमागे एक कामकरी प्रक्रिया अडकवणाऱ्या जुन्या रचनेच्या सर्व्हरला अशा काही शे जोडण्या पुरतात. विनंती पूर्ण करायला ठरावीक वेळ देणे आणि हजारो जोडण्या कमी खर्चात सांभाळणारा एक मध्यस्थ सर्व्हर पुढे बसवणे, हा त्यावरचा उपाय.

थोडे विचारून पुष्कळ उत्तर

२०० गिगाबिटचा मारा करायला हल्लेखोराकडे तेवढी लाइन असावी लागत नाही. इंटरनेटवरच्या काही सेवा वरची तीन पायऱ्यांची ओळख न करताच उत्तर देतात. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी डीएनएस सेवा ही त्यांतली रोजची. तिला ६० बाइटचा प्रश्न विचारून कित्येकदा ३००० बाइटचे उत्तर मिळवता येते. हल्लेखोर प्रश्नावर स्वतःऐवजी बळीचा पत्ता घालतो. जगभरच्या हजारो निरुपद्रवी सर्व्हरना असे प्रश्न गेले की सगळ्यांची मोठी उत्तरे बळीच्या अंगावर येतात, आणि ती सज्जन यंत्रांकडून आलेली असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘गिटहब’ या वेबसाइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला तो याच पद्धतीने. त्यात ‘मेमकॅश्ड’ नावाची सेवा वापरली होती आणि तिच्यात प्रश्नाच्या ५१,००० पटींपर्यंत उत्तर मिळू शकत असे.

खरी यंत्रे ताब्यात घेणे हा दुसरा मार्ग. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, सीसीटीव्हीचे डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरला. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या सुमारे ६० जोड्यांची यादी होती. कोणी पासवर्ड बदललेलाच नव्हता, त्यामुळे तेवढी यादी लाखो यंत्रांत शिरायला पुरली. ताब्यात आलेल्या अशा यंत्रांच्या फौजेला ‘बॉटनेट’ म्हणतात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिने अमेरिकेतल्या ‘डिन’ या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना मिळेनाशा झाल्या. त्या सेवांचे सर्व्हर सुस्थितीत होते. त्यांचा पत्ता सांगणारे कोणी उरले नव्हते. तेव्हापासून आकार वाढतच गेला आहे, आणि २०२५ मध्ये नोंदलेल्या हल्ल्यांनी सेकंदाला २० टेराबिटचा टप्पा ओलांडला.

महागडा प्रश्न

सर्वांत अवघड हल्ला आकाराने लहान असतो. कल्याण-डोंबिवली महापालिका ई-गव्हर्नन्सच्या वाटेवर राज्यात फार लवकर निघाली. तिच्यासारख्या कोणत्याही महापालिकेच्या वेबसाइटवर मुखपृष्ठ दाखवणे स्वस्तातले काम असते. नावाचा एखादा तुकडा देऊन लाखो मालमत्तांच्या नोंदींतून शोध घ्यायला लावणे मात्र महागात पडते. असा एक शोध प्रोसेसरचे दोन सेकंद खात असेल आणि सर्व्हरला आठ प्रोसेसर असतील, तर सेकंदाला फक्त चार शोध मागितले की सर्व्हर पूर्ण गुंतला. लाइन रिकामी असते, जोडण्या मोजक्याच असतात, डेटाच्या आलेखात काहीही विचित्र दिसत नाही. तरीही कर भरायला आलेल्या माणसाला पान मिळत नाही.

याच जातीचे मोठे हल्लेही होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा हल्ला थोपवला. त्यात विनंती पाठवून ती लगेच रद्द करण्याची युक्ती होती. पाठवणाऱ्याला जवळजवळ काही खर्च नाही, सर्व्हरने मात्र कामाला सुरुवात केलेली असते.

ओळखायचे कसे

हल्ला ओळखण्याची तयारी हल्ल्याच्या कितीतरी आधी सुरू होते. वेबसाइटची रोजची चाल माहीत नसेल, तर बिघडलेली चाल ओळखता येणार नाही. प्रत्येक वेबसाइटला एक ठरलेली लय असते. महापालिकेची वेबसाइट पहाटे तीनला जवळपास निजलेली असते, सकाळी अकराला गजबजते, रविवारी मंदावते. मालमत्ता करातली सवलत संपण्याच्या आदल्या दिवशी आणि ३१ मार्चला तिच्यावर झुंबड उडते. म्हणून सोमवारी सकाळी अकराच्या गर्दीची तुलना आधीच्या सोमवारांशी करायला हवी. कालच्या रात्रीशी केली तर रोज सकाळी धोक्याची घंटा वाजेल. सामान्य पद्धत अशी, की मागच्या काही आठवड्यांची सरासरी काढायची, त्यात अलीकडच्या दिवसांना जास्त वजन द्यायचे आणि चालू आकडा त्या सरासरीपासून नेहमीच्या चढउतारापेक्षा किती लांब गेला ते पाहायचे. मर्यादा खाली ठेवली तर खोटे इशारे येतात आणि काही दिवसांनी त्यांच्याकडे कोणी बघत नाही. वर ठेवली तर इशारा येईपर्यंत सर्व्हर पडलेला असतो. ही मर्यादा कुठे ठेवायची हे त्या त्या वेबसाइटच्या अनुभवानेच ठरते, विकत आणलेल्या यंत्रात ती भरलेली मिळत नाही.

मोठ्या जाळ्यावर प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा प्रत्येक तुकडा, तपासणे शक्य नसते. २०१६ च्या हल्ल्याइतका मारा पूर्ण आकाराच्या पॅकेटचा धरला तरी सेकंदाला दीड कोटीहून जास्त पॅकेट होतात. म्हणून राउटर हजारातून एखादे पॅकेट नमुना म्हणून उचलतात आणि त्याचा पाठवणारा, घेणारा आणि प्रकार नोंदवतात. सेकंदाला १५-१६ हजार नमुन्यांवरूनही चित्र पुरेसे स्पष्ट होते.

पण गर्दी वाढली एवढे कळणे म्हणजे हल्ला ओळखणे नव्हे. निकालाच्या दिवशीची गर्दी आणि हल्ला यांत भेद करायचा, तर संख्येपेक्षा तिच्या घडणीकडे पाहावे लागते. पहिला प्रश्न : सुरू झालेल्या ओळखींपैकी किती पूर्ण झाल्या? खऱ्या गर्दीत जवळजवळ सगळ्या पूर्ण होतात. दुसरा प्रश्न : पाहुणे कोणत्या भागातून आले? कल्याणच्या महापालिकेकडे येणारी बहुतेक मंडळी महाराष्ट्रातली, मोजक्या पुरवठादारांची ग्राहक असतात. अचानक शंभर देशांतून सारख्याच प्रमाणात मागणी आली तर ती कर भरणाऱ्यांची नाही. पत्त्यांचा हा विखुरलेपणा एका आकड्यात मोजण्याचे गणित आहे. त्याला ‘एन्ट्रॉपी’ म्हणतात. हा आकडा एकदम वर गेला तर मारा असंख्य पत्त्यांवरून होतो आहे, एकदम खाली आला तर मूठभर पत्त्यांवरून, आणि दोन्ही बदल संशयास्पद.

तिसरा प्रश्न वागणुकीचा. दहावीचा विद्यार्थी पान उघडतो, त्याबरोबर चित्रे आणि फॉन्ट उतरतात, तो बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाइप करायला काही सेकंद घेतो, निकाल पाहतो, छापून घेतो, निघून जातो. हल्ल्याचा प्रोग्रॅम बहुधा एकच पत्ता पुन्हा पुन्हा मागतो, चित्रांकडे वळत नाही, मध्ये थांबत नाही. सर्व्हर मंदावला की माणसांपैकी काही कंटाळून जातात. यंत्राचा वेग बदलत नाही. पाहुणा आधी कधी येऊन गेला आहे का, हेही उपयोगी पडते. खऱ्या गर्दीत ओळखीच्या जाळ्यांतले पुष्कळ असतात, हल्ल्यात बहुतांश नवखे.

यांतली एकही खूण एकटी पुरेशी नाही, आणि इथे घाई फार महागात पडते. एका पत्त्यावरून सेकंदाला शेकडो विनंत्या आल्या म्हणून तो पत्ता बंद करणे सोपे वाटते. पण जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते संपत आल्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो-हजारो ग्राहकांना बाहेरून एकच पत्ता देतात. दुपारी एक वाजता कल्याणहून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये निकाल पाहणारे कितीतरी फोन सर्व्हरला एकाच पत्त्याचे भासू शकतात. तो पत्ता बंद केला तर हल्लेखोराचे काम वेबसाइटनेच करून दिले असे होईल. परदेशांतून येणारी सगळी मागणी रोखण्याचेही तसेच. डोंबिवलीतल्या फ्लॅटचा कर दुबईहून किंवा न्यू जर्सीहून भरणारी कुटुंबे संख्येने थोडी असली तरी खरी आहेत. संशयिताला सरळ हाकलण्यापेक्षा त्याचा वेग कमी करावा किंवा त्याच्याकडून एखादी छोटी खात्री करून घ्यावी, हे जास्त न्याय्य आहे आणि बहुतेक वेळा पुरतेही.

चौकट : खरी गर्दी की हल्ला?

कारण : खऱ्या गर्दीमागे जाहीर कारण असते, जसे निकाल, शेवटची तारीख, तिकीट आरक्षणाची वेळ. हल्ला बहुधा कोणत्याही कारणाशिवाय सुरू होतो.
चढण : माणसांची गर्दी काही मिनिटांत चढते. बॉटनेट एका आज्ञेसरशी काही सेकंदांत शिखर गाठते.
मागणी : माणसे अनेक पाने पाहतात. हल्ला एकाच पानावर किंवा एकाच महागड्या शोधावर तुटून पडतो.
अपवाद : दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात. तत्काळ तिकिटांच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात, असे रेल्वेने २०२५ मध्ये सांगितले. त्या बॉटना सेवा बंद पाडायची नसते, तिकिटे आधी पटकवायची असतात. रांगेतल्या माणसाचे नुकसान मात्र होतेच.

अडवायचे कुठे

पहिली फळी सर्व्हरवरच असते. सिन कुकी आणि वेळेची मर्यादा यांच्या जोडीला ‘रेट लिमिटिंग’, म्हणजे मागणीच्या वेगावर बंधन, लागते. प्रत्येक पाहुण्याच्या नावावर, समजा, दहा विनंत्यांची शिल्लक ठेवली जाते आणि ती सेकंदाला एकने भरून निघते. माणूस पटापट पाच-सहा पाने उघडू शकतो, प्रोग्रॅम सेकंदाला शंभर मागू शकत नाही. महागड्या शोधांना हे बंधन अधिक कडक ठेवता येते.

याहून मोठा फायदा कामच कमी करण्यात आहे, आणि याबाबत आपल्याकडे पुरेसा विचार होत नाही. निकाल एकदा जाहीर झाला की बदलत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचे पान आदल्या रात्रीच तयार करून ठेवले, एक पान १० किलोबाइटचे धरले, तर १६ लाख पाने १६ गिगाबाइटमध्ये मावतात. तेवढी मेमरी आज एका साधारण सर्व्हरमध्ये असते. मग दुपारी एक वाजता माहितीचा साठा शोधावाच लागत नाही, तयार पान उचलून द्यायचे एवढेच काम उरते. हाच निकाल अनेक वेबसाइटवर आणि डिजिलॉकरवर एकदम देण्याची सध्याची पद्धतही गर्दी विभागते. खऱ्या गर्दीसाठी केलेली ही तयारी हल्ल्याच्या दिवशीही तितकीच उपयोगी पडते.

पण लाइनच भरून टाकणाऱ्या हल्ल्यापुढे सर्व्हरवरचे सगळे उपाय निष्फळ ठरतात. सर्व्हरची लाइन एक गिगाबिटची आणि मारा २०० गिगाबिटचा असेल, तर खऱ्या माणसांची पॅकेट सर्व्हरच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच गळून पडतात. आतल्या फायरवॉलने काय निवडायचे? तिच्यापर्यंत येईतो निवडण्यासारखे काही उरलेले नसते. हा मारा वरच्या बाजूला, पुरवठादाराच्या जाळ्यातच अडवावा लागतो.

पुरवठादाराकडचा सर्वांत झटपट उपाय ‘ब्लॅकहोल’. ज्या पत्त्यावर मारा चालला आहे त्या पत्त्याचा सगळाच डेटा, खरा-खोटा न पाहता, जाळ्याच्या सीमेवर टाकून द्यायचा. यात बळी ठरलेली वेबसाइट पूर्ण बंद होते, म्हणजे हल्लेखोराला हवे तेच घडते. पण त्याच लाइनवरचे बाकीचे ग्राहक वाचतात. पुरवठादाराच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. नागरी सेवेच्या वेबसाइटने मात्र एवढ्याच उपायावर विसंबून राहू नये.

दुसरा उपाय डेटा गाळून घेण्याचा. मारा सुरू झाला की बळीकडे जाणारा सगळा डेटा मोठ्या क्षमतेच्या गाळणी केंद्राकडे वळवतात. तिथे खोटी पॅकेट काढून टाकतात आणि उरलेला डेटा स्वतंत्र मार्गाने मूळ सर्व्हरकडे पाठवतात. तिसरा उपाय विभागणीचा. जगातल्या अनेक शहरांतले सर्व्हर एकच पत्ता जाहीर करतात आणि प्रत्येक पाहुणा आपोआप त्याला जवळ पडणाऱ्या सर्व्हरकडे जातो. या रचनेला ‘एनीकास्ट’ म्हणतात. २०० गिगाबिट शंभर ठिकाणी सारखे वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनच येतात. जिथे बॉट अधिक तिथे भार अधिक पडतो, पण ब्राझीलमधल्या कॅमेऱ्यांचा मारा ब्राझीलजवळच जिरतो आणि ठाण्यातल्या पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या दोन्ही उपायांना एका साध्या हलगर्जीपणामुळे सुरुंग लागतो. संरक्षण पुढे उभे केले, पण मूळ सर्व्हरचा आकडी पत्ता जुन्या डीएनएस नोंदींत किंवा वेबसाइटवरून जाणाऱ्या ईमेलमध्ये उघडा राहिला, तर हल्लेखोर संरक्षण ओलांडून थेट मागच्या दाराशी जातो. संरक्षण घेतानाच मूळ सर्व्हरचा पत्ता बदलला पाहिजे आणि त्याने फक्त संरक्षक जाळ्याकडूनच आलेला डेटा घेतला पाहिजे. ‘डिन’च्या अनुभवानंतर काही मोठ्या वेबसाइटनी डीएनएसची सेवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घ्यायला सुरुवात केली, तीही अशीच खबरदारी.

क्लाउडवर सर्व्हरची संख्या मागणीनुसार वाढवत नेणे हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. पण हल्ल्याच्या प्रत्येक विनंतीचे बिल त्यात वेबसाइटच्या मालकालाच येते. बदलापूरसारख्या नगर परिषदेला ना हे बिल परवडेल, ना स्वतःचे गाळणी केंद्र. अशा संस्थांच्या वेबसाइट एकेकट्या सोडण्याऐवजी राज्याने त्यांना एका सामाईक, भक्कम संरक्षणामागे आणणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. हल्लेखोर एकत्र येऊन मारा करत असताना प्रत्येक नगर परिषदेने आपापली भिंत बांधावी ही अपेक्षा अन्यायाची आहे.

उगमाकडे

खोट्या पत्त्यांचा मूळ उपाय जुनाच आहे. आपल्या ग्राहकाकडून बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर त्या ग्राहकाला दिलेला पत्ताच आहे ना, हे पुरवठादाराने तपासावे आणि नसेल तर ते पॅकेट तिथेच टाकावे, अशी शिफारस मे २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ‘बीसीपी ३८’ या नावाने ती ओळखली जाते. जगातल्या सगळ्या पुरवठादारांनी ती पाळली असती, तर गिटहबवर झाला तसा हल्ला करताच आला नसता. अडचण अशी, की तपासणीचा खर्च एका पुरवठादाराला आणि फायदा दुसऱ्याच कोणाला. त्यामुळे पुष्कळ जाळी अजूनही मोकळीच आहेत.

बॉटनेटचा उगम तर अगदी घराजवळ आहे. घोडबंदर रोडपासून टिटवाळ्यापर्यंतच्या गृहसंकुलांत प्रवेशद्वारावर, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये कॅमेरे आहेत, आणि पदाधिकाऱ्यांना फोनवर चित्र दिसावे म्हणून त्यांचे डीव्हीआर इंटरनेटला जोडलेले असतात. बसवून देणाऱ्याने ठेवलेला मूळ पासवर्ड तसाच राहिला, तर सोसायटीचा डीव्हीआर दूर देशातल्या रुग्णालयाच्या वेबसाइटवर मारा करत असू शकतो. कॅमेऱ्याचे चित्र तेव्हाही नीट दिसत असते, म्हणून कोणालाच संशय येत नाही. पासवर्ड बदलणे, डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा न ठेवणे आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे एवढे सोसायटीच्या हातात आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली, पण आधी बसवलेले कॅमेरे आहेत तसेच आहेत. संसर्ग झालेली यंत्रे शोधून साफ करायला मदत करणारे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे आणि त्याची साधने मोफत मिळतात.

कायद्याच्या बाजूने, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीला संगणकाचा वापर नाकारला जाईल असे कृत्य करणे स्पष्टपणे नमूद आहे, आणि कलम ६६ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्याच्या हेतूने केलेले असे कृत्य कलम ६६ एफ खाली सायबर दहशतवाद ठरू शकते आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉससह ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. त्याच निर्देशांत सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितले आहे. ही अट क्षुल्लक वाटते, पण तपासाचा सगळा भार तिच्यावर असतो : वेबसाइट, डेटा सेंटर आणि पुरवठादार या तिघांच्या नोंदी सेकंदाला सेकंद जुळल्या, तरच मारा कोणत्या जाळ्यातून आत आला ते मागे मागे शोधता येते.